चाळीस वर्षांनी लागू पडलेली मात्रा

औषध आणि विष हे नेहमीच दोन निराळे पदार्थ असतात असे नाही. पुष्कळदा ती एकाच पदार्थाची दोन रूपे असतात, आणि त्यांच्यामधली सीमारेषा मात्रेने आखली जाते. हा विचार आपल्या वैद्यकाला नवा नाही. बचनागासारखी जहाल द्रव्ये वैद्यांनी शोधन करून, गुंजांच्या मापाने मोजून वापरली. एखादा उपाय सफल झाला म्हणजे ‘मात्रा लागू पडली’ असे मराठी माणूस आजही म्हणतो, आणि त्या म्हणण्यात वैद्यकाचा एक मोठा अनुभव साठवलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका औषधाचा इतिहास म्हणजे याच अनुभवाचे अर्वाचीन उदाहरण होय. हे औषध १९६४ साली प्राग येथे तयार झाले आणि २००४ साली अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली. मधल्या चाळीस वर्षांत त्या औषधाच्या रेणूतला एक अणूही बदलला नव्हता. बदलल्या त्या दोन गोष्टी : त्याची मात्रा, आणि शरीरात शिरल्यावर ते नेमके कोणाला गाठते याविषयीची समजूत.

या औषधाचे नाव अझासायटिडीन. ते ज्याला गाठते ते पेशीतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. आणि या विकराचे काम जनुकांचे नियमन करणे हे आहे. तथापि औषध जन्माला आले तेव्हा यातले काहीच त्याच्या जनकांना ठाऊक नव्हते.

प्रागमधील सेंद्रिय रसायन व जीवरसायन संस्था ही चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीची संस्था होती, आणि फ्रान्तिशेक शोर्म हे तिचे प्रमुख होते. कर्करोगावरील औषधे शोधण्याची एक रीत त्या काळी सर्वत्र रूढ झाली होती. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या न्यूक्लिइक आम्लांची नवी प्रत तयार करते आणि त्यासाठी तिला ठराविक घटक लागतात. या घटकांची दिसायला हुबेहूब, परंतु एखाद्या ठिकाणी सदोष अशी नक्कल करावयाची. पेशीने ती खरी मानून स्वीकारावी आणि आपल्या हाताने आपला नाश ओढवून घ्यावा. कर्करोगाची पेशी घाईघाईने वाढते, तेव्हा ती या फसवणुकीला अधिक बळी पडेल, असा त्यामागचा हिशेब होता. खोटे नाणे चलनात घुसवून शत्रूचा बाजार मोडावा, तसाच हा डाव होता.

या धोरणाने शोर्म आणि त्यांचे सहकारी अलोइस पीस्काला यांनी सायटिडीन या घटकाची एक नक्कल केली. सायटिडीनमध्ये सहा अणूंचे एक कडे असते. त्या कड्यातल्या पाचव्या स्थानावरील कार्बनचा अणू काढून तेथे त्यांनी नायट्रोजनचा अणू बसविला. बदल एवढाच. रसायनशास्त्राच्या परिभाषेत ‘अझा’ हा उपसर्ग अशा नायट्रोजनाचा निदर्शक असल्यामुळे पदार्थाचे नाव पडले पाच-अझासायटिडीन. त्याच वर्षी त्याच संस्थेत त्याचे एक भावंडही तयार झाले. ते पुढे डेसिटाबीन या नावाने ओळखले जाऊ लागले. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर नव्या पदार्थाचा परिणाम दिसून आला. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेतील संशोधकांना मातीतला एक सूक्ष्म जीव हाच पदार्थ आपण होऊन तयार करीत असल्याचे आढळले. माणसाने बुद्धीने जे रचले, ते निसर्गाने आधीच रचून ठेवले होते.

शोर्म यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सुखाचा गेला नाही. १९६२ पासून ते अकादमीचे अध्यक्ष होते. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा करारातील राष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. शोर्म यांनी या आक्रमणाचा निषेध केला आणि त्यानंतरच्या काळात त्यांना आपली पदे गमवावी लागली. १९८० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पदार्थाचे खरे मर्म उलगडणारा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला तोही त्याच वर्षी.

१९७० च्या सुमारास अझासायटिडीन रुग्णांना देण्यास प्रारंभ झाला. ते पेशी मारणारे औषध आहे असे मानले गेल्यामुळे ते त्याच पद्धतीने दिले गेले. शरीराला सोसेल तेवढी अधिकात अधिक मात्रा द्यावी, हा कर्करोगाच्या उपचाराचा त्या वेळचा सर्वमान्य दंडक होता. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम, कधी त्याहूनही अधिक, अशा मात्रा दिल्या जात. रक्ताच्या तीव्र कर्करोगाने आजारी असलेल्या, इतर उपाय थकलेल्या काही रुग्णांना गुण आला, हे खरे. परंतु त्याची किंमत जबर होती. असह्य मळमळ आणि वांत्या होत. अस्थिमज्जेचे काम थंडावून रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू घटत, आणि त्यामुळे जंतुसंसर्गाची व रक्तस्रावाची भीती उत्पन्न होई. शिवाय हा पदार्थ पाण्यात फार वेळ टिकत नाही, त्याचे विघटन होते, ही आणखी एक अडचण. परिणाम असा झाला की, त्याच घराण्यातील इतर सुटसुटीत औषधांपुढे अझासायटिडीन मागे पडले. ते टाकून दिले गेले नाही, पण मान्यही झाले नाही.

ही कोंडी फुटली ती रुग्णालयात नव्हे, तर दुसऱ्याच एका प्रश्नाच्या पाठलागात. तो प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये चार अक्षरांत लिहिलेली असते. अ‍ॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन ही ती अक्षरे होत. १९४८ साली रोलिन हॉचकिस यांना वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनएचे पृथक्करण करताना एक पाचवेच चिन्ह आढळले. ते सायटोसीनच होते, परंतु त्याच्या कड्यावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा मेथिल गट चिकटलेला होता. हा गट चिकटतो तो कड्यातील पाचव्या स्थानावर. प्रागच्या रसायनज्ञांनी पुढे ज्या एका अणूची अदलाबदल केली, नेमके तेच हे स्थान. पण हे चिन्ह तेथे कशासाठी आहे, याचे उत्तर पाव शतकभर कोणाजवळ नव्हते.

उत्तराची पहिली स्पष्ट मांडणी १९७५ साली झाली, आणि ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली : अमेरिकेत आर्थर रिग्ज यांनी आणि लंडनजवळच्या मिल हिल येथे रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी. त्यांच्यापुढील कोडे असे होते. माणसाच्या यकृताच्या पेशीत आणि स्नायूच्या पेशीत डीएनए एकच असते. मग यकृताची पेशी विभागली तर यकृताच्याच पेशी का होतात? आपण कोण आहोत याची आठवण पेशी विभाजनाच्या गडबडीतही कशी जतन करते? या शास्त्रज्ञांनी सुचविले की, मेथिल चिन्ह हीच ती आठवण असावी. ज्या जनुकावर ही चिन्हे दाटीने असतात ते जनुक मुके राहते. आणि डीएनएची नवी प्रत निघाली की एक विशिष्ट विकर जुन्या प्रतीवरील चिन्हे पाहून तशीच चिन्हे नव्या प्रतीवर करते.

मराठी वाचकाला ही कल्पना समजावून घेण्यास एक जुना वाक्प्रचार उपयोगी पडेल. हस्तलिखित पोथ्यांत चुकलेली वा नको असलेली अक्षरे खोडावयाची झाली, तर लेखक त्यांवर पिवळा हरताळ लावीत. अक्षरे खाली शिल्लक असत, कागद फाटलेला नसे. केवळ ती वाचावयाची नाहीत एवढाच त्याचा अर्थ. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. मेथिल चिन्ह हा जनुकांवरील हरताळ होय, आणि डीएनए मेथिलट्रान्सफरेज हे विकर म्हणजे मूळ पोथीवर जेथे हरताळ दिसेल तेथे नव्या नकलेवरही तो इमानाने लावणारा लेखनिक होय. मजकूर बदलत नाही. बदलते ते वाचन. म्हणूनच जनुकातला बिघाड आणि जनुकावरचा हरताळ यांत मोठे अंतर आहे. बिघडलेले अक्षर दुरुस्त करणे कठीण, पण हरताळ पुसता येतो, निदान लेखनिकाचा हात धरून तो नव्या नकलेवर येऊ न देणे तरी शक्य असते.

हात धरण्याचे हे साधन प्रागमध्ये दहा वर्षे आधीच तयार झाले होते, याचा उलगडा मात्र अगदी अनपेक्षितपणे झाला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले पीटर जोन्स हे कर्करोगावरील औषधांचा पेशींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करीत होते. उंदराच्या भ्रूणापासून मिळविलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या साध्या पेशींना त्यांनी थोडा वेळ अझासायटिडीन दिले. काही पेशी मेल्या, काही जगल्या. त्यानंतर काही दिवसांनी जगलेल्या पेशींमध्ये लांबट, अनेक केंद्रकांचे धागे दिसू लागले. ते स्नायूंचे तंतू होते आणि काचेच्या बशीत ते आकुंचन पावत होते! त्या मूळ पेशींनी स्नायू व्हावे अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती. १९७७ साली कॉन्स्टँटिनिडीस, जोन्स आणि गेव्हर्स या तिघांनी हे निरीक्षण ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे शर्ली टेलर यांच्या सहकार्याने जोन्स यांनी दाखविले की, अशा पेशींपासून स्नायूंप्रमाणेच चरबीच्या आणि कूर्चेच्या पेशीही निर्माण होतात.

याचा अर्थ काय? जनुकांत अपघाताने फेरफार झाला असता, तर इतक्या पेशींत इतके सुसंगत बदल घडून आले नसते. तेव्हा औषधाने मजकूर बदलला नसून दडलेला मजकूर उघडा केला असला पाहिजे. १९८० साली जोन्स आणि टेलर यांनी ‘सेल’ या नियतकालिकात या तर्काला आधार देणारा पुरावा मांडला. सायटिडीनच्या अनेक नकला त्यांनी तपासल्या. ज्या नकलांत पाचव्या स्थानी बदल केलेला होता, त्यांनीच स्नायू निर्माण केले, आणि त्यांनीच मेथिल चिन्हांना अटकाव केला. ज्यांत बदल दुसरीकडे होता त्यांनी यातले काहीच केले नाही. सायटोसीन अरॅबिनोसाइड हे रक्ताच्या कर्करोगावरील एक प्रभावी औषध. पेशी मारण्यात ते तरबेज. पण त्याने स्नायू निर्माण केले नाहीत. पेशी मारणे आणि पेशीला जागे करणे ही दोन निराळी कामे आहेत, हे त्या एका तुलनेने उघड झाले.

विकर नेमके फसते कसे, याचे रसायन सॅन फ्रान्सिस्को येथील डॅनियल सँटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली विशद केले. मेथिल गट चिकटवताना हे विकर सायटोसीनला क्षणभर घट्ट पकडते, काम उरकते आणि सुटून पुढे जाते. परंतु अझासायटोसीनच्या पाचव्या स्थानी कार्बनऐवजी नायट्रोजन असल्यामुळे सुटण्याची पायरी तेथे पुरी होत नाही. विकर डीएनएलाच जखडून पडते. पेशीजवळ असलेला विकराचा साठा अशा रीतीने निकामी होत जातो, आणि पुढच्या प्रत्येक विभाजनाबरोबर नव्या नकलेवरील हरताळ विरळ होत जातो. या सर्व वर्णनात एक अट दडलेली आहे : त्यासाठी पेशी जिवंत राहिली पाहिजे आणि तिने विभागले पाहिजे. मेलेल्या पेशीत कोणतेही जनुक जागे होत नाही. मात्रा जास्त झाली तर जखडलेल्या विकरांच्या गाठींनी डीएनएच इतके जखमी होते की पेशी मरते. म्हणजे ज्या मोठ्या मात्रेत दहा वर्षे हे औषध दिले गेले, त्या मात्रेत त्याचा खरा गुण प्रकट व्हावयास फारसा वावच नव्हता.

याच सुमारास हे औषध एका निराळ्या दारातून वैद्यकात परत आले. गर्भावस्थेत बालकाच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर त्याचे जनुक मुके होते आणि प्रौढ हिमोग्लोबिनचे जनुक काम हाती घेते. थॅलसेमिया किंवा सिकलसेल या आजारांत हे प्रौढ जनुकच सदोष असते. मग गर्भावस्थेतले जुने जनुक पुन्हा जागे केले तर? १९८२ साली जोसेफ डिसिमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांत हे घडवून आणले. त्याच वर्षी टिमोथी ले, आर्थर नीनहाऊस प्रभृतींनी थॅलसेमियाच्या एका रुग्णाला सात दिवस अझासायटिडीन दिले, आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनसाठी लागणाऱ्या गॅमा ग्लोबिनची निर्मिती सुमारे सातपट वाढली. माणसाच्या शरीरातील मुके जनुक औषधाने हेतुपूर्वक बोलते केल्याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक होय.

या प्रयोगावर वाद झाला. हा परिणाम मेथिल चिन्हे पुसल्यामुळे नसून मज्जेतील पेशी मेल्यामुळे झाला, असे काही तज्ज्ञ म्हणू लागले. शिवाय दीर्घकाळ वापरल्यास या औषधाने कर्करोग होईल ही भीती होतीच. तपासणीसाठी हायड्रॉक्सियुरिया हे डीएनएची चिन्हे न पुसणारे, तोंडाने घेण्याजोगे औषध वापरून पाहण्यात आले, आणि त्यानेही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढले. वादातून निघालेले हे औषध १९९८ साली अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्य झाले. विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेश व गुजरातचा आदिवासी पट्टा येथे सिकलसेलचा उपद्रव मोठा आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या रोगाच्या उपचारात आपल्याकडे हायड्रॉक्सियुरियाचा मोठा आधार आहे. प्रागच्या त्या पदार्थाचे आपल्या प्रदेशावर असे आडवळणाने ऋण आहे.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र अझासायटिडीनचे दिवस अजून यावयाचे होते. १९९० नंतरच्या दशकात स्टीफन बेलिन, जेम्स हर्मन आणि इतरांच्या संशोधनाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. पेशीच्या बेबंद वाढीला लगाम घालणारी काही जनुके असतात. कर्करोगाच्या पेशीत ती पुष्कळदा मोडलेली असतात. परंतु कित्येकदा ती शाबूत असूनही त्यांच्यावर दाट मेथिल चिन्हे चढलेली असतात. पहारेकरी मेलेला नसतो, त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला असतो. असे असेल तर मेथिल चढविणाऱ्या विकराला अडविणे हा कर्करोगाच्या मुळाशी जाणारा उपचार ठरू शकतो, हा विचार बळावला.

त्याआधीपासूनच न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात जेम्स हॉलंड आणि लुईस सिल्व्हरमन हे दुसऱ्या टोकाकडून याच ठिकाणी येऊन पोचत होते. त्यांनी निवडलेला रोग होता मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. यात अस्थिमज्जा पेशी निर्माण करीत असते, पण त्या परिपक्व होत नाहीत. कच्च्या असतानाच नष्ट होतात. परिणामी पंडुरोग, वारंवार होणारे जंतुसंसर्ग, रक्तस्राव. रुग्ण बहुधा साठी-सत्तरीच्या पुढचे. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत पुढे त्याचे पर्यवसान रक्ताच्या तीव्र कर्करोगात होते. जहाल औषधे या वयाला सोसत नाहीत. मज्जारोपण थोड्यांनाच शक्य होते. उरलेल्यांसाठी वैद्यकाजवळ दुसऱ्याचे रक्त चढवीत राहणे आणि वाट पाहणे, यापलीकडे फारसे काही नव्हते. जेथे पेशी परिपक्व होत नाहीत हाच रोग आहे, तेथे पेशींना मारण्यापेक्षा परिपक्व होण्यास भाग पाडावे, हा तर्क सरळ होता. त्यासाठी १९८० नंतरच्या दशकात मात्रा उतरवून ती दर चौरस मीटरला दिवसाकाठी ७५ मिलिग्रॅम करण्यात आली. असे सात दिवस, आणि दर अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा.

या पद्धतीत वैद्य आणि रुग्ण दोघांनाही एक नवी गोष्ट शिकावी लागली, ती म्हणजे धीर धरणे. पेशी मारणारे औषध आपला परिणाम काही दिवसांत दाखविते. हरताळ विरळ करणारे औषध पेशींच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर बोलते. पहिल्या एक-दोन आवर्तनांत बहुधा काहीच सुधारणा दिसत नाही. उलट रक्तातील पेशी आणखी घटतात. तेथेच उपचार सोडला तर सारे व्यर्थ. चार ते सहा आवर्तने नेटाने पुरी करावी लागतात.

१९१ रुग्णांच्या तुलनात्मक परीक्षेचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. केवळ आधारभूत उपचार मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांत सुधारणा झाली होती, तर अझासायटिडीन मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांत. मृत्यू किंवा तीव्र कर्करोगात रूपांतर होण्यापूर्वीचा मध्यम काळ १३ महिन्यांवरून २१ महिन्यांवर गेला. मे २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या रोगासाठी मान्य केलेले ते पहिलेच औषध ठरले. भावंड डेसिटाबीन २००६ साली मान्य झाले, आणि त्याच्याही बाबतीत जुन्या मोठ्या मात्रांपेक्षा लहान मात्राच गुणकारी ठरल्या. २००९ साली पिएर फेनो प्रभृतींनी अधिक धोक्याच्या अवस्थेतील ३५८ रुग्णांच्या परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे मध्यम आयुष्य १५ महिने, तर अझासायटिडीन मिळालेल्यांचे साडेचोवीस महिने भरले. दोन वर्षांनंतर एका गटातील २६ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातील ५१ टक्के.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. हे औषध रोग समूळ बरा करीत नाही. गुण आलेल्यांपैकी बहुतेकांत तो पुढे ओसरतो, आणि औषध थांबविले की हरताळ पुन्हा चढू लागतो. तरीही ज्या आजोबांपुढे फक्त रक्ताच्या बाटल्या मोजण्याचे दिवस होते, त्यांना नऊ-साडेनऊ महिने अधिक मिळणे, आणि त्यांतले काही तरी रक्त चढवून न घेता घरी काढता येणे, ही घरच्या माणसांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. शिवाय हीच सौम्य मात्रा पुढे दुसऱ्या औषधाची जोडीदार बनली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेत रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या, जहाल उपचार न सोसणाऱ्या रुग्णांना अझासायटिडीनबरोबर व्हेनेटोक्लॅक्स दिले असता मध्यम आयुष्य ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेले.

या मार्गाने पुढे इतर विकरांचाही पाठपुरावा झाला. ज्या १९६४ साली प्रागमध्ये अझासायटिडीन तयार झाले, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट ऑल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका चिन्हाचे महत्त्व सुचविले होते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते, त्यांवर अ‍ॅसेटिल गट चढले म्हणजे जनुके अधिक बोलकी होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे गट काढून टाकणाऱ्या विकरांना अडविणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ साली त्वचेच्या एका लिंफोमासाठी अमेरिकेत मान्य झाले. तेथेही वाट चाळीस वर्षांचीच पडली.

समजूत पूर्ण झाली, असे मात्र अजूनही म्हणता येत नाही. हे विकर एका जनुकासाठी राबत नाही, सबंध पोथीवर राबते. म्हणून त्याला अडविले असता कोठला हरताळ पुसला जाईल हे वैद्याच्या हाती नसते. २०१० साली टिमोथी ले यांच्याच गटाला आढळले की, रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या सुमारे २२ टक्के रुग्णांत मेथिल चढविणाऱ्या विकरांपैकी एकाचे जनुकच बिघडलेले असते. म्हणजे लेखनिक कोठे अतिउत्साही, तर कोठे आधीच रोगट. २०१५ साली दोन गटांनी आणखी एक नवल दाखविले. आपल्या डीएनएत पुरातन काळी शिरलेल्या विषाणूंचे अवशेष मेथिलखाली मुके करून ठेवलेले असतात. औषधाने तेही जागे होतात, आणि आपल्याला विषाणूची बाधा झाली आहे असे समजून कर्करोगाची पेशी धोक्याची घंटा वाजवू लागते. औषधाचा गुण कितपत पहारेकऱ्याचा आवाज मोकळा झाल्यामुळे येतो, आणि कितपत या घंटेमुळे, याचा हिशेब अजून चालू आहे.

या सर्व इतिहासात उशीर कशाचा झाला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पदार्थाचा उशीर झाला नाही; तो १९६४ पासून बाटलीत होता. रुग्णांची वाण नव्हती, आणि कष्टाळू वैद्यांचीही नव्हती. उशीर झाला तो ‘हे औषध किती मारते?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे औषध काय करते?’ हा प्रश्न येण्यास. पहिल्या प्रश्नाने मात्रा वाढत गेली, दुसऱ्याने ती उतरली. आणि हा दुसरा प्रश्न विचारला गेला तो औषध शोधणाऱ्यांकडून नव्हे. पाचवे अक्षर मोजणाऱ्या, पेशीच्या स्मरणशक्तीचे कोडे घालणाऱ्या आणि काचेच्या बशीत अनाहूतपणे हललेला स्नायूचा धागा दुर्लक्षून न टाकणाऱ्या माणसांकडून. ज्यांना ‘याचा उपयोग काय?’ असे कोणीही विचारले असते, त्यांच्याच उत्तरांतून अखेर वृद्ध रुग्णांच्या उशाशी पोचलेली सात दिवसांची ती लहान मात्रा ठरली.